कात्रणाचा भाव आणि शिवणीतली माया

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कापड दुकानदार व शिलाईकाम करणारे आमचे बांधव भेटले की बोलणे हटकून एकाच गोष्टीवर येते. रेडीमेडने धंदा बसला. देसाईगंज म्हणजे आपले वडसा असो, आरमोरी असो की खाली आलापल्ली-अहेरी असो, बाजारात तयार कपड्यांचे ढीग लागतात आणि मीटरने कापड घेणारे गिऱ्हाईक कमी होत जाते. तक्रार रास्त आहे. मात्र या तक्रारीच्या भरात एक गिऱ्हाईक आपल्या दारात उभे आहे आणि आपणच त्याला परत पाठवीत आहोत, याकडे आम्हाला लक्ष वेधावयाचे आहे. हे गिऱ्हाईक म्हणजे घरात मशीन असलेली, हातात थोडेच पैसे असलेली आणि मुलांचे कपडे, नात्यागोत्यात द्यावयाच्या वस्तू स्वतः शिवू पाहणारी बाई.

ती दुकानात येते आणि अर्धा मीटर मलमल मागते. दुकानदाराच्या कपाळावर आठी पडते. एवढ्यासाठी ताका उघडायचा काय? मग तिच्यापुढे आहेराच्या ब्लाऊज पीसची थप्पी टाकली जाते. ती मुकाट्याने त्यातला एक घेते किंवा तशीच निघून जाते आणि पुढच्या बाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीतला तयार झबल्याचा संच उचलते.

या आहेराच्या ब्लाऊज पीसविषयी एकदा स्पष्ट बोललेच पाहिजे. लग्न, बारसे, ओटी, महिलांचा कार्यक्रम, जेथे जावे तेथे तो दिला जातो. तो घरी येतो, पेटीत पडतो आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या घरी जातो. घडी उघडलीच जात नाही. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात बेताच्या अंगाच्या बाईचा ब्लाऊज निघण्यास साधारण ८० सेंटिमीटर कापड लागते, अंगाने भरलेल्या बाईस पुरा मीटर. आहेराचा पीस बहुधा पाऊण मीटरच्या आतबाहेर असतो, पहिल्याच पाण्यात रंग सोडतो आणि वीण इतकी विरळ की अस्तराशिवाय घालता येत नाही. जो शिवायचाच नाही तो कपडा विकून दुकानदाराला चार पैसे सुटतात खरे. पण त्याच्यामागे शिंप्याला शिलाई मिळत नाही, अस्तर विकले जात नाही, दोऱ्याची रीळ, हुक, बटण काही विकले जात नाही. आपल्याच बाजारात आपण मेलेला माल फिरवीत आहोत. घेणारीच्या आणि देणारीच्याही पैशाची ही माती आहे, आणि ऐपत नसलेली बाई तर उधारीवर असे दहा-बारा पीस उचलते, कारण रिकाम्या हाताने जाणे तिला शोभत नाही.

त्याच पैशात दुसरे काय होऊ शकते, याचा हिशेब कारागिराला सांगावा लागू नये. ३६ इंच पन्ह्याचे अर्धा मीटर मऊ सुती कापड घ्या. त्यात तान्ह्या बाळाचे झबले, त्याची पुढची-मागची दोन्ही पाने, आरामात बसतात आणि उरलेल्या पट्टीत टोपडे निघते. कडेला लावायची उरेब पट्टी दुसऱ्या रंगाच्या कात्रणातून काढली तर झबल्याला शोभाच येते. तेवढ्याच जाड कापडात बंदांसह बाजाराची एक पिशवी होते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून अशी पिशवी भेट म्हणून दिली तर ती रोज वापरली जाते. जानमाज, जुजदान, दस्तरखान, उशीचा अभ्रा, बटवा, पोळ्याला बैलाची झूल आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसाठी वीतभर झूल, या सर्व वस्तू घरी होणाऱ्या आहेत. घरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी तर सांगावयासच नको. बाळंतिणीच्या घरी जुन्या मऊ सुताचे दुपटे नेणारी आजी काही कंजूष नव्हती. नव्या कोऱ्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला बोचते, हे तिला ठाऊक होते.

आरमोरी हे तर टसरचे गाव. ऐनाच्या पाल्यावर वाढलेल्या कोशांचा हा धागा महाग, पुरे वस्त्र घेणे गरिबाला झेपत नाही. पण टसरच्या हातभर तुकड्याचा बटवा किंवा जुजदान झेपते. हे तुकडे निवडून, इस्त्री करून, भाव लावून ठेवणारा दुकानदार मात्र आम्हाला अजून भेटावयाचा आहे. दुकानात कात्रणाला भाव नसतो, म्हणून त्याला कचऱ्याची किंमत येते. अर्धा मीटर, पाव मीटर असे तुकडे वेगळे करा, प्रत्येकावर लांबी, पन्हा आणि किंमत लिहा. भाव लिहिलेला असला म्हणजे गरीब बाईला घासाघीस करण्याचा संकोच पडत नाही आणि नोकरालाही मनाला येईल तो भाव सांगता येत नाही.

आता रेडीमेडशी तुलना. पाच वर्षांच्या मुलाचा तयार सदरा शिलाईसह घरच्या सदऱ्याहून स्वस्त पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. कारखान्यात एकावर एक थर ठेवून शेकडो नग एकदम कापले जातात, तेथे आपला एकटा कारागीर भावात टिकणार नाही. पण तो सदरा उलटा करून पाहा. ओव्हरलॉकच्या दोऱ्यापलीकडे शिवणीत काही नाही. आपल्या भाषेत शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, आणि ती तेथे नसते. बगलेखाली दोन बोटे माया, खाली चार बोटे दुमड, मुलीच्या झग्याला दोन आडव्या चुण्या, एवढे ठेवले की तोच कपडा उसवून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही अंगाला येतो. मग तो धाकट्याकडे जातो. तीन वर्षांत तीन तयार सदरे आणि एक शिवलेला सदरा, असा हिशेब गिऱ्हाइकापुढे मांडणारा दुकानदार हवा.

जुन्या लोकांच्या कळीदार कुर्त्याचीही आठवण द्यावीशी वाटते. त्याचे पुढचे-मागचे पान सरळ, बाही सरळ, आयताचा तिरपा छेद घेतला की दोन कळ्या, आणि बगलेत चौकोनी चौबगला. सगळे तुकडे एकमेकांना लागून कापले जातात, म्हणून वाया जाणारे कापड जवळजवळ काहीच नसते. गोल मुंढ्याच्या शर्टाने ही काटकसर मोडली. आमच्या वयस्क कारागिरांच्या हातात हे कटिंग अजून आहे, ते मुलांना शिकवून ठेवावे.

गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा केव्हा असतो, हेही पाहिले पाहिजे. जंगल भागात तो वर्षातून दोनदा येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात धान निघते तेव्हा, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता होतो तेव्हा, सत्तर पानांचा एक पुडा या मापाने. मधल्या मार्च-एप्रिलात मोहफुलाचा थोडा आधार. आमचे व्यापारी व कारागीर यांची मिळकतही याच पैशावर चालते. २०२५ साली ईदुल फित्र ३१ मार्चला आली, म्हणजे धानाचा पैसा संपलेला आणि पत्त्याचा यायचा. त्या काळात घरातल्या चार मुलांचे कपडे उधारीवर येतात आणि पुढचे दोन महिने ती उधारी अंगावर राहते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. काही वर्षांनी ती ऐन धानाच्या पैशात येईल, पण तोवर काय? धान निघाल्यावर लगेच कापड भरून ठेवावे आणि रमजान लागण्यापूर्वीच घरी शिवून मोकळे व्हावे, याखेरीज दुसरा उपाय आम्हाला दिसत नाही. दुकानदारांनी डिसेंबरातच अशा कापडाला थोडी सूट दिली तर त्यांचाही पैसा उधारीत अडकणार नाही.

येथे कारागीर बांधव विचारतील की बायका घरीच शिवू लागल्या तर आम्ही काय करावे? आमचे उत्तर असे की कटिंग विका. घरच्या मशीनवर सरळ टीप मारणे पुष्कळ बायांना जमते, पण गळा आणि मुंढा कापताना हात थरथरतो आणि कापड वाया जाते. मापाने कापून, माया सोडून, खडूने शिवणीची रेघ मारून देण्याचा वेगळा दर ठेवा. काज करणे, उसवणे, चेन बदलणे, आल्टर करणे यांचेही दर फळ्यावर लिहा. दुरुस्तीचे काम हलके समजून परत लावणारा शिंपी आम्हाला समजत नाही, कारण त्या कामात कापड गिऱ्हाइकाचे असते आणि मजुरी पूर्ण आपली.

मापाची किंमत काय, हे २०२४-२५ च्या शालेय गणवेशाने सर्वांना दाखवून दिले. राज्य सरकारने सर्वांना एकच गणवेश द्यावयाचे ठरवले, कापडाची खरेदी वरून एकत्र झाली. कपडे उशिरा आले, कुणाला तोकडे तर कुणाला ढगळ झाले. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. आपल्या गावच्या समितीला वेळेवर जाऊन भेटणे आणि मुलांची मापे शाळेत घेऊ असे सांगणे हे आता कारागिरांचे काम आहे. मशीन जुनी झाली असल्यास १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. त्यातील कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे, ते घेणे बंधनकारक नाही.

शेवटची गोष्ट दक्षिणेकडच्या दुकानदारांसाठी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे कितीतरी पावसाळ्यांत झाले आहे. नागपूरच्या गांधीबागेतून येणारा माल तेव्हा वाटेतच अडकतो, आणि पावसात बाहेरची कामे मंदावली म्हणजे घरी शिवायला सवड असते. तेव्हा मेअखेर, पत्त्याचा पैसा हाती येतो त्याच सुमारास, पांढरी मलमल, अस्तर, ४० नंबरचा दोरा, मशीनच्या सुया आणि भाव लिहिलेले कापडाचे तुकडे दुकानात भरलेले असावेत.