औषध देणाऱ्या हाताचे शिक्षण

पेढीवर माल उतरला की व्यापारी प्रथम चलन पाहतो. मालाचे नाव, प्रत, वजन आणि नग पडताळल्याखेरीज गुमास्ता पावतीवर सही करीत नाही, आणि सही होताच वहीत नोंद होते. ही शिस्त आपल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच घरात अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांच्या तळहातावर दिवसातून तीन-चार वेळा ठेवली जाणारी गोळी मात्र पुष्कळदा कोणत्याही पडताळणीवाचून दिली जाते. मालातील चुकीची भरपाई होऊ शकते. औषधातील चूक दुरुस्त करण्यास अवसर मिळेलच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ‘अपायाविना औषधोपचार’ या उद्देशाने एक जागतिक मोहीम आरंभिली आणि २०२२ चा जागतिक रुग्णसुरक्षा दिन, म्हणजे १७ सप्टेंबर, याच विषयाला वाहिला. या मोहिमेची भूमिका अशी की औषधाच्या चुकांचे मूळ केवळ एका व्यक्तीच्या निष्काळजीपणात शोधू नये. सारखी दिसणारी वेष्टने, अस्पष्ट अक्षर, कामाचा थकवा आणि अपुरे शिक्षण यांतून त्या चुका जन्मतात. म्हणूनच दोष देण्यापेक्षा शिकविणे आणि व्यवस्था लावणे अधिक फलदायी ठरते.

आपल्याकडे हे शिक्षण नेमके कोणाला हवे? परिचारिकेचा जी.एन.एम. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो आणि त्यानंतर तिची नोंदणी परिचर्या परिषदेकडे होते. परंतु घरी ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशी, लहान रुग्णालयातील आया व वॉर्डबॉय आणि वृद्धाश्रमातील सेवक यांपैकी अनेकांनी असे शिक्षण घेतलेले नसते. रुग्णाला औषध घेण्यास साहाय्य करणे आणि औषध ठरविणे वा त्याची मात्रा बदलणे, या दोन गोष्टींतील सीमारेषा त्यांना कोणी आखून दिलेली नसते. वेळेची आठवण देणे, ठरलेली गोळी पाण्यासह हाती देणे, ती गिळली जाईपर्यंत जवळ थांबणे आणि नोंद करणे हे सेवकाचे काम होय. ‘आज रक्तदाब कमी दिसतो, म्हणून अर्धीच द्यावी’ हा निर्णय मात्र त्याचा नाही आणि, वाचकहो, तो घरातील कर्त्या पुरुषाचाही नाही.

शिक्षणाचा पाया पाच गोष्टींवर उभा असतो : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. त्या पाठ करणे सोपे आहे. अंगवळणी पडाव्यात म्हणून त्यांचा सराव करून घ्यावा लागतो. औषधाचे नाव तीनदा वाचावे : डबा उचलताना, गोळी काढताना आणि डबा परत ठेवताना. सर्व गोळ्या सकाळीच वाटीत काढून ठेवू नयेत, कारण वेष्टनाबाहेर आलेली पांढरी गोळी कशाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही. नोंद गोळी गिळल्यानंतर करावी, आधी नव्हे. डॉक्टरांनी दूरध्वनीवर बदल सांगितला तर तो लिहून घ्यावा आणि त्यांनाच परत वाचून दाखवावा. बाजारातील सौद्यात भाव परत उच्चारून घेण्याची रीत आपण जाणतोच.

काही धोके नावानिशी शिकविलेच पाहिजेत. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज दिली गेल्यास अस्थिमज्जेवर आघात होऊन जीव जाऊ शकतो. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, चहापूर्वी किमान अर्धा तास द्यावी. नावापुढे ‘एस.आर.’ किंवा ‘एक्स.आर.’ अशी अक्षरे असलेली गोळी कुटून देऊ नये, कारण दिवसभर हळूहळू सुटावयाचे औषध तसे केल्याने एकदम शरीरात उतरते. केमिस्टने या खेपेस दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली असेल, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्यांतून गोळी दिली जाऊन मात्रा दुप्पट होण्याचा संभव असतो. अशा वेळी औषधाचे मूळ नाव पडताळावे.

इन्सुलिनचा हिशेब तर व्यापाऱ्याला तत्काळ उमगेल असा आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असते, काही प्रकार १०० युनिटचेही असतात आणि प्रत्येकाची सिरिंज निराळी असते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट मिळतात. उलट चूक झाली तर केवळ ८ मिळतात. मापाचा तराजू चुकला की व्यवहार बुडतो. येथे रुग्ण बेशुद्ध होतो. म्हणून इन्सुलिन टोचण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे, आणि साहाय्य करणाऱ्यालाही कुपी व सिरिंज यांवरील आकडे जुळविता आले पाहिजेत.

आपल्या घरांतील आचाराशी संबंधित अशा दोन बाबी सेवकास विशेषत्वाने सांगाव्या लागतात. पहिली चोविहाराची. ‘१-०-१’ असे लिहिलेल्या चिठ्ठीतील रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी दिली, तर दोन मात्रांमधील अंतर बदलते. उपवासाच्या दिवशी अन्न नसताना ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी दिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास शुद्धीवरील रुग्णाला सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे, हे प्रत्येक सेवकास ठाऊक असावे. त्याहून इष्ट हे की पर्वापूर्वीच डॉक्टरांना आपला नियम सांगून वेळापत्रक लेखी बदलून घ्यावे. परगावाहून आलेल्या मावशींना चोविहार म्हणजे काय हे माहीत असण्याचे कारण नाही.

दुसरी बाब कॅप्सूलची. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने काही घरांत कॅप्सूल उघडून आतील भुकटी देण्यास सांगितले जाते. परंतु कित्येक कॅप्सूलमधील कण आतड्यातच विरघळावेत अशा रीतीने बनविलेले असतात. ते चुरडल्यास औषधाचा गुण जातो. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल, गोळी वा पातळ औषध असे पर्याय पुष्कळदा उपलब्ध असतात. डॉक्टरांना तसे विचारावे. सेवकाच्या हाती कात्री देऊ नये.

रुग्णाने औषध नाकारले तर ते शिऱ्यात लपवून देण्याचा मोह आवरावा. कारण विचारावे, थोड्या वेळाने पुन्हा विनवावे, आणि तरीही नकार असल्यास तशी नोंद करून कळवावे. नकारामागे अनेकदा गिळण्याचा त्रास किंवा औषधाने येणारी मळमळ दडलेली असते, आणि ती डॉक्टरांना समजणे अगत्याचे असते.

या सर्वांहून कठीण धडा सेवकाला नव्हे, मालकाला शिकावयाचा आहे. चुकीची गोळी दिली गेल्याचे ध्यानात येताच मावशीने पाच मिनिटांत सांगितले, तर बहुतेक प्रसंगी उपाय करता येतो. परंतु पगार कापला जाईल, चारचौघांत अपमान होईल, काम सुटेल या भयाने ती गप्प राहिली, तर ते पाच मिनिटांचे मोल कोणत्याही पैशाने परत येत नाही. जमाखर्चातील फरक आपण होऊन दाखविणाऱ्या मुनिमाला शहाणा सेठ जवळ बसवितो. आजारी आईजवळ असलेल्या बाईलाही तोच विश्वास द्यावयास हवा. पहिल्याच दिवशी तिला स्पष्ट शब्दांत सांगावे : चूक झाली तर आधी आम्हांला सांगा, सांगितल्याबद्दल तुम्हांला कोणी बोल लावणार नाही.

आपल्या समाजाने धर्मार्थ दवाखाने उभारले, रुग्णवाहिका दिल्या, यंत्रांसाठी उदार हस्ते देणग्या दिल्या. त्याच विश्वस्त मंडळांनी वर्षातून काही दिवस आया, वॉर्डबॉय व घरगुती सेवकांसाठी मराठी व हिंदीतून असे वर्ग भरवावेत. एक अनुभवी परिचारिका, एक औषधनिर्माता, रिकाम्या पट्ट्या आणि सिरिंजा एवढ्या साहित्यावर वर्ग उभा राहतो. येणाऱ्यांचा त्या दिवसाचा रोज मात्र भरून द्यावा.

घरापुरते तर आजच काही करता येईल. औषधाचे नाव देवनागरीत, शेजारी वेष्टनावरील इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी, मात्रा, वेळ, कशासाठी आणि ज्याची त्याला वावडी आहे ती औषधे, असा एक तक्ता डॉक्टरांकडून तपासून घेऊन भिंतीवर लावावा. औषध बदलले की जुना तक्ता फाडून नवा लावावा, आणि जुन्या पट्ट्या त्याच दिवशी कपाटातून बाहेर काढाव्यात.