थोडक्यात हुकलं!

३१ ऑक्टोबर २०२५. शुक्रवारची रात्र. तुम्ही मंडळी त्या वेळी कुठल्या तरी कॅफेत वीकेण्डचा श्रीगणेशा करत असाल. मी मात्र केममध्ये मामाच्या घरी, सतरंजीवर मांडी ठोकून प्रो कबड्डीची फायनल बघत होते.

केम म्हणजे? पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं स्टेशन. खिडकीतून पाटी वाचेवाचेपर्यंत मागे पडणारं. गाव करमाळा तालुक्यातलं, उत्तरेश्वराच्या देवळाचं आणि कुंकवाचं. दिवाळीला गेलेली मी भाऊबीज उलटून गेली तरी तिथेच मुक्काम ठोकून होते. (फ्रीलान्सिंगचा एवढा एकच फायदा. लीव्ह अप्रूव्ह करायला कुणी बॉस नसतो.)

शेजारी मामेभाऊ. वय तेवीस, गावातल्या मंडळाचा रेडर, आणि गेल्या पोलीस भरतीत दोन मार्कांनी राहिलेला. दोन! नव्या भरतीचे फॉर्म दोनच दिवसांपूर्वी सुटले होते. मामाचं म्हणणं, 'आता बास झालं, दुकानात बस.' मामी मधल्या मध्ये गप्प. त्यामुळे घरात भरती हा शब्द उच्चारायची सोय नव्हती आणि सगळे अगदी तन्मयतेने कबड्डीवर बोलत होते.

बोलण्यासारखं होतंही म्हणा. पुणेरी पलटणचा तो सीझनच बीपी वाढवणारा होता. २९ ऑगस्टला बेंगळुरू बुल्सविरुद्ध पहिलीच मॅच ३२-३२ अशी टाय झाली. आधीच्या सीझन्समध्ये अशा वेळी दोन्ही टीम पॉइंट वाटून घ्यायच्या आणि हात मिळवून घरी जायच्या. २०२५ मध्ये मात्र लीगमध्येही टायब्रेकर आला. दोन्हीकडे सात-सात खेळाडू, प्रत्येक टीमच्या पाच चढाया, पाच वेगवेगळे रेडर. कुणी आऊट होऊन बाहेर जात नाही आणि निदान रेषा हीच बोनस रेषा. तरीही बरोबरी सुटली नाही, तर गोल्डन रेड. पलटणने तो टायब्रेकर ६-४ असा जिंकला.

पुढे लीग संपली तेव्हा पलटण आणि दबंग दिल्ली, दोघांचेही २६ पॉइंट. गुणफरकावर पलटण पहिली. क्वालिफायर-१ मध्ये हेच दोघे समोरासमोर आले, ३४-३४ झालं, पुन्हा टायब्रेकर. स्कोअर पुन्हा ६-४, पण या वेळी दिल्लीच्या बाजूने. मग पलटणने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून फायनल गाठली आणि समोर कोण, तर परत दिल्लीच!

त्या सीझनमध्ये आणखी एक बदल झाला होता, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वी सात किंवा त्याहून कमी पॉइंटनी हरलात तर टेबलमध्ये एक पॉइंट मिळायचा. थोडक्यात हरलात ना, हे घ्या, टाइप. आपल्या अ‍ॅप्रेझलमध्ये 'गुड एफर्ट' लिहून देतात, तसंच काहीसं. पण इथे त्या एफर्टला टेबलमध्ये खरोखर किंमत होती. २०२५ मध्ये ते बंद झालं. जिंकलात तर दोन, हरलात तर शून्य, मग एका पॉइंटने हरा नाहीतर वीसने. प्रेक्षक म्हणून मला हा नियम एकदम आवडला होता. सुटसुटीत, नो भानगड. केममध्ये बसल्यावर मात्र तेवढा आवडेना.

असो. फायनल.

मॅच दिल्लीत, त्यागराज स्टेडियममध्ये. म्हणजे पब्लिक सगळं दबंग दिल्लीचं. हाफटाइमला पलटण मागे होती. मग सुरू झाला पाठलाग. पलटणचा आदित्य शिंदे एकेक पॉइंट ओढून आणत होता, सुपर टेन केलं पोराने. आमच्या घरात एव्हाना मामाही खुर्ची पुढे ओढून बसला होता. शेवटच्या मिनिटात आदित्य पुन्हा चढाईला गेला आणि दिल्लीच्या फजल अत्राचलीने त्याला धरलं. खलास. ३१-२८.

हा फजल म्हणजे कोण? २०२२ मध्ये पलटणचाच कॅप्टन होता तो. त्या वर्षी पलटण फायनलला गेली आणि जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ अशी हरली. तीन वर्षांनी तोच माणूस मॅटच्या दुसऱ्या बाजूला!

टीव्हीवर लगेच पोस्टमॉर्टेम सुरू झालं. दिल्लीकडे अनुभव होता, थंड डोकं होतं, वगैरे वगैरे. मला एकदम आठवलं, १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटण जिंकली, तेव्हाचा स्कोअर काय होता? हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५. त्या फायनलमध्येही पलटणचे पॉइंट अठ्ठावीसच! तेव्हा पंकज मोहितेने एकाच चढाईत चार पॉइंट आणले होते आणि मॅच सुटली तीनच्या फरकाने. त्या एका चढाईत त्याचा पाय अडकला असता तर? तर त्याच टीमला आपण 'प्रेशर झेपलं नाही' म्हटलं असतं. मागे जायचं तर २०१६ च्या फायनलमध्ये यू मुंबाही अठ्ठावीसवरच थांबली होती, पाटणा पायरेट्सचे ३१. आणि ही थंड डोक्याची दिल्ली २०२२ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा चॅम्पियन झाली ती किती फरकाने? ३७-३६. एक पॉइंट!

नशीबच असतं सगळं, असं मी म्हणत नाहीये. अठरापैकी तेरा मॅच नशिबाने जिंकता येत नाहीत, आणि शेवटच्या मिनिटाला रेडरला धरायला फजलसारखी वीस वेळा पोळलेली नजर लागते. पण मॅच संपल्यावर जे टेम्परामेंट, कॅरेक्टर वगैरे शब्द बाहेर पडतात ना, ते स्कोअरबोर्ड बघून सुचतात, याबद्दल माझी आता खात्री झालीये. मीही एकदा नोकरीच्या शेवटच्या राउंडला दोघांत उरले होते. दुसरीला घेतलं. मला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं, आपल्यात काहीतरी बेसिक कमी आहे. ज्यांनी घेतलं नाही त्यांना तरी ते माहीत होतं का, देव जाणे.

हे सगळं मी मामेभावाला ऐकवलं. म्हणजे पंकज मोहितेपर्यंतचं, नोकरीचं नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, पलटणला तीन पॉइंट कमी पडले तरी लोक रनर-अप म्हणतात. मला दोन मार्क कमी पडले, मला काय म्हणायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. खुर्ची जागेवर सरकवत मामा हळूच म्हणाला, "त्यानं तिथं आत शिरायलाच नको होतं. बोनस मारून माघारी यायचं." आदित्य शिंदेबद्दल होतं ते. की नव्हतं, कुणास ठाऊक.

रात्री उशिरा मी पाणी प्यायला उठले, तर हा अंधारात मोबाइल घेऊन बसलेला. ती शेवटची चढाई मागे-पुढे करून बघत होता. आवाज बंद. मला बघून स्क्रीन पुढे केला. "बघ, पाय टाकला तिथवर बरोबरच होतं. वळायला अर्धा सेकंद लागला फक्त."

सकाळी सहाला त्याचं अंथरूण रिकामं. साडेसातला घामाने निथळत घरात आला. मामा चहा पीत होता, त्याने वर बघितलं आणि परत कपात बघितलं. ना हा काही बोलला, ना तो.

चूळ भरून हा माझ्यापाशी आला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तुझा लॅपटॉप चालू आहे का? फोटो अपलोड होईना. साईज जास्त आहे म्हणतंय."