जुनी गाडी नवी नको, चालती हवी

इमारतीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचे घरात ठरले, की गॅरेजमध्ये बहुधा आधी रंगाचीच चर्चा सुरू होते. पत्रा खरवडा, लांबी भरा, झळाळता रंग मारा, सीट बदला. बजेट असेल तर दुसऱ्या गाडीचे इंजिनही बसवा. या हौसेला माझा विरोध आहे. जुनी गाडी नवी करायची नसते, चालती करायची असते. जे निकामी झाले तेवढेच बदलावे, आणि जे अजून धड आहे त्याला हात लावू नये.

या गाड्यांचे मोल त्यांच्या मूळपणात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० इथल्या कामगारांच्या हातून घडू लागली, १९७०च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले आणि पुढे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईची ओळख बनली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीही रस्त्यावरून गेली. कारखान्यातला रंग, पत्र्याचे जोड, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, १०८९ सीसीचे इंजिन ही त्या कामाची उरलेली साक्ष आहे. रंग उडाला तर पुन्हा देता येतो, पण एकदा खरवडून काढलेला कारखान्याचा रंग कोणत्याही पैशाने परत येत नाही.

दीर्घकाळ उभ्या गाडीचे खरे दुखणे वरून दिसतही नाही. टाकीतले पेट्रोल विटून त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि चाकांतले ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असू शकतात. म्हणून थेट चावी फिरवणे हा सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकी रिकामी करून धुवावी. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे कोकणपट्टीच्या दमट हवेत फरशीला आणि दारांखालच्या पट्ट्यांना लागलेला गंज हा थेट गाडीच्या कण्याचा आजार असतो. त्यावर लांबी भरून रंग मारणे म्हणजे तो झाकून वाढू देणे. पहिला पैसा तिथे गेला पाहिजे.

कायदाही मूळपणाच्याच बाजूने आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी गाठत आहेत. आज हौसेने इंजिन बदलणारा मालक या नोंदणीवरचा आपला दावा स्वतःच कमकुवत करून घेतो.

आक्षेप घेतला जाईल तो सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. ब्रेकचे रबरी भाग, टायर, कडक झालेल्या वायरी आणि पेट्रोलच्या नळ्या यांच्याबाबत मूळपणाचा हट्ट धरणे गुन्हा ठरेल. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यापुढे टिकत नाही. हे भाग मुळातच झिजून बदलण्यासाठी बनलेले असतात, त्यामुळे ते बदलल्याने गाडीची ओळख पुसत नाही. दुसरा आक्षेप धुराचा. जुने इंजिन दर किलोमीटरला नव्यापेक्षा जास्त धूर सोडते, हे मान्यच करायला हवे. म्हणूनच ही गाडी रोजच्या कामाला नसावी. व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला तर प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर येता येते आणि ते बंधन योग्य आहे. तिसरा आक्षेप, विटलेल्या रंगाची गाडी बाहेर काढायची लाज वाटते. पण दाराच्या मुठीजवळ वर्षानुवर्षे हात लागून झिजलेला रंग ही त्या घराने गाडी वापरल्याची खूण आहे. ती खूण पुसल्यावर अंगणात उरते ती कोणाचीही गाडी.

म्हणून गॅरेजमध्ये नेताना मालकाने मिस्त्रीला आधी ब्रेक, फरशी आणि टाकी पाहायला सांगावे. गाडी स्वतःच्या इंजिनावर सुरू झाली आणि ब्रेक दाबताच जागेवर थांबली, की मग रंगाचा विचार करावा. तोवर कदाचित आहे तो रंगच बरा वाटू लागेल.