तिसरी न पाहिलेली मुलगी
करमाळा तालुक्यातलं केम हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं गाव. कुंकवासाठी प्रसिद्ध. कुंकू खपतं ते देवळांच्या दारात, जत्रेत, लग्नसराईत. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत तिन्ही एकदम थांबलं. त्या वर्षीची आषाढीही वारकऱ्यांविना गेली. कुंकवावर पोट असलेल्या घरात तेव्हा मोठ्यांच्या हाताला काम नव्हतं आणि पोरं दिवसभर घरातच. कुणी रोजगाराला गेलं असेल, कुणी जमेल ते विकलं असेल. अन् शिक्षण? ते मोबाइलवर. घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळं उघडली. पुढच्याच महिन्यात शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं जगभर कौतुक झालं. (कोड वाचायलाही फोन लागतोच म्हणा.) देवळं पुढे पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली, खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग मात्र भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. देवाआधी हे वर्ग उघडायला हवे होते, असं माझं मत आहे आणि त्यावर मी अडून आहे. आईबापाला काय दोष द्यायचा? धंदा सावरताना आईशेजारी बसून पुड्या मोजणाऱ्या मुलीला कुणी कामाला लावलं नव्हतं. ती नुसती घरी होती. दुसरीतून घरी आलेली अशी मुलगी शाळेत परतली ती थेट चौथीत. पुड्या शंभरापर्यंत बिनचूक मोजायची, वाचताना मात्र जोडाक्षरापाशी थांबायची.