लोखंड असून चुंबकाला दाद न देणारा दगड

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका मुलाने सोन्यासारखा चकाकणारा दगड आणला. त्याच्या मामांनी तो परदेशातून आणला होता. नाव पायराइट. मुलाने विचारले, "गुरुजी, यात लोखंड आहे म्हणतात. मग चुंबक याला ओढत का नाही?" आम्ही लगेच म्हणालो, "मग यात लोखंड नसेलच!" वर्ग हसला, मुलगा खाली बसला. चूक मात्र आमची होती.

पायराइट हे लोह आणि गंधक यांचे संयुग. १०० ग्रॅम शुद्ध पायराइटमध्ये सुमारे ४६.५ ग्रॅम लोह असते. पण चुंबकत्व लोहाच्या वजनावर ठरत नाही. ते इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर ठरते. पायराइटमध्ये लोहाचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसतात आणि जोडीतला एक दुसऱ्याचे चुंबकत्व नाहीसे करतो.

पिरोटाइट हेही लोह व गंधकाचेच खनिज, पण त्याचा एक प्रकार चुंबकाकडे ओढला जातो. त्यात काही इलेक्ट्रॉन एकटे राहतात. लोहाच्या अणूंचे थर एकाआड एक उलट दिशेने जोर लावतात, जणू रस्सीखेच. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर दोर हललाच नसता. परंतु एकाआड एका थरात लोहाच्या काही जागा रिकाम्या असतात. म्हणून एक बाजू दुबळी पडते आणि उरलेला जोर आपल्याला चुंबकत्व म्हणून दिसतो. सुमारे ३२० अंश सेल्सिअसला तापवले की तोही जातो.

म्हणजे "चुंबक लोखंडाला ओढतो" हे पाठ केलेले वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. आपली मुले असली वाक्ये परीक्षेपुरती घोकतात, आणि आपणही घरी गुणच विचारतो. आज वर्गात तू काय विचारलेस, हे किती आईबाप विचारतात?

आपल्या बेटावर उसाच्या शेतांतून काळ्या दगडांचे ढीग आहेत. त्या दगडाची थोडी पूड करून कागदावर पसरा, खालून चुंबक फिरवा. काही कण हलताना दिसतील. ते गंधकाचे नव्हेत, लोह आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचे. मुलांना विचारू द्या, हा फरक का?

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि सर्वांसमोर चूक कबूल केली. आमचा मान कमी झाला नाही. उलट त्या दिवसापासून वर्गात जास्त हात वर होऊ लागले.