ओढणे आणि पेलणे

आमचे चिरंजीव गेली चौदा वर्षे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहतात. दर शनिवारी रात्री त्यांचा फोन येतो. आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी होते, मग माझ्या रक्तदाबाची, मग दोन्ही नातवंडांना 'आजोबांशी मराठीत बोला' असा दम दिला जातो. गेल्या महिन्यात मात्र या शिरस्त्यात खंड पडला. फोन उचलताच तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बँकेत होतात. एक आकडा बघून सांगा. पिकअप ट्रक घेतोय."

नुसता ट्रक नव्हे. त्या ट्रकमागे जोडायचे एक घर. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. तीस-बत्तीस फूट लांब, आत स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, न्हाणीघर, मुलांसाठी वरखाली बिछाने आणि (इथे त्याचा आवाज जरा हळवा झाला) 'तुमच्या दोघांसाठी वेगळी खोली'. उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो की सगळ्यांनी मिळून डोंगरदऱ्या पाहायच्या, असा बेत होता. ट्रकच्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते, पाच हजार किलो ओढण्याची क्षमता. ट्रेलर पूर्ण भरला तरी चार हजार किलो. "म्हणजे एक हजार किलोचं मार्जिन, बाबा! तुमच्या बँकेतसुद्धा एवढं मागत नव्हते."

मार्जिन हा शब्द ऐकला की निवृत्त बँकवाल्याचे कान आपोआप उभे राहतात. मी म्हटले, आठ दिवस दे. त्या आठ दिवसांत मी त्याने पाठवलेले कागद वाचले, वजनांच्या बेरजा मांडल्या, आणि माझे एक मत बनले. तुमच्यापैकी बहुतेकांना असला ट्रेलर कधी घ्यायचा नसेल. पण ज्यांची मुले, भाचे, पुतणे तिकडे आहेत त्यांच्या घरी हा विषय आज ना उद्या निघेल. आणि ज्यांच्या घरी निघणार नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण प्रश्न ट्रकपेक्षा जुना आहे.

माझे मत असे. ओढण्याची ताकद पाहून ट्रक निवडणे, म्हणजे जावयाचा पगार ऐकून मुलगी देणे. पगार महत्त्वाचा आहेच. पण संसार त्याच्यावर चालत नाही, पेलण्यावर चालतो.

लहानपणी गावी मी वडिलांना बैलगाडी भरताना पाहिले आहे. पोती कशीही टाकून चालत नाही. मागे जास्त भार झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जुपण्यांनी बैलांचा गळा आवळतो. पुढे जास्त झाला तर बैलांची मान मोडते. म्हणून थोडा, पण नेमका भार जुवावर यावा लागतो. अमेरिकेतल्या त्या झुळझुळीत ट्रेलरचेही शास्त्र हेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर मागे शेपटासारखा डोलू लागतो, आणि वेगात एकदा डोलू लागला की ट्रकलाच ओढत नेतो. तेव्हा ट्रक नुसता ओढत नसतो, तो वाहतही असतो. हा वाहायचा आकडा पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत नसतो. तो चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर चिकटवलेल्या एका छोट्या स्टिकरवर असतो. माणसे आणि सामान मिळून एवढ्या किलोच्या वर जाऊ नये, असे त्यावर छापलेले असते. किलोतही आणि पौंडातही.

मी मुलाला तो स्टिकर वाचायला सांगितला. ६८० किलो.

आता बेरीज पाहा. भरलेल्या ट्रेलरचे वजन ४००० किलो. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५००. जोडणीचे लोखंडी सामान ४५. झाले ५४५. उरले १३५ किलो. मुलगा आणि सून मिळून १४०. म्हणजे नवराबायको ट्रकमध्ये बसली की गाडी भरली, वर पाच किलो जास्तच. मुले अजून अंगणात उभी आहेत. त्यांचे ८०, आम्हा म्हाताऱ्यांचे १३८, सायकली, खुर्च्या, हत्यारांची पेटी, शेगडी मिळून धरा शंभर. बेरीज हजाराच्या पुढे जाते. ज्या प्रस्तावात हजार किलोचे मार्जिन दिसत होते, त्यात सव्वातीनशे किलोची तूट निघाली. दोन्ही आकडे खरे होते. फक्त विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

कंपन्या खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. ओढण्याची क्षमता मोजायला तिकडे ऑटोमोबाइल इंजिनियरांच्या संस्थेचे एक प्रमाण आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर, एअरकंडिशनर चालू ठेवून, ट्रकने ठरावीक वेग राखला पाहिजे वगैरे. २०११ च्या मॉडेलपासून टोयोटाने ते आधी स्वीकारले, मग हळूहळू इतरांनी. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये दोन बेताची माणसे धरलेली असतात. आजी-आजोबा, नातवंडे आणि त्यांच्या सायकली त्या प्रमाणात बसत नाहीत. संस्थेने ट्रक तोलला, कुटुंब तोलले नाही. ते काम कुटुंबाचे आहे.

आणखी एक गंमत. तिकडे ट्रकांना अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी म्हणतात. फोर्डचा एफ-१५०, शेव्हरोलेचा सिल्व्हराडो १५०० हे अर्धा टनी. २५० किंवा २५०० म्हटले की पाऊण टनी. ३५० किंवा ३५०० म्हणजे एक टनी. एकेकाळी ही नावे खरोखर पेलण्याच्या वजनावरून पडली होती. आज ती नुसती आडनावे उरली आहेत. पाटील म्हटले म्हणून गावाची पाटीलकी असतेच असे नाही. एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या स्टिकरांवर वेगवेगळे आकडे निघतात. वर काचेचे छप्पर, आत कातडी खुर्च्या असा थाटाचा ट्रक घेतला तर हे सगळे वजन पेलण्याच्या आकड्यातून वजा होते. पाऊण टनीत डिझेल घेतले तर इंजिनच इतके जड, की कधीकधी तोच ट्रक पेट्रोलवर घेतला तर जास्त पेलतो. उलट लांब उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक गाडी आवरून धरतो, ते सुख पेट्रोलमध्ये तितके नाही. विजेवरचा पिकअप म्हणाल, तर मोठा ट्रेलर जोडल्यावर एका चार्जमध्ये जायचे अंतर साधारण निम्म्यावर येते. म्हणून नाव, थाट आणि शेजाऱ्याचा सल्ला बाजूला ठेवून जो ट्रक घ्यायचा त्याचेच दार उघडावे आणि त्याचाच स्टिकर वाचावा.

ट्रेलर विकणाराही एक आकडा पुढे करतो, 'कोरडे वजन'. म्हणजे रिकाम्या घराचे. पण रिकाम्या घरात कोण राहायला जातो? दोनशे लिटर पाणी भरले की दोनशे किलो. त्यावर भांडी, पांघरुणे, किराणा. १९५४ साली 'द लाँग, लाँग ट्रेलर' नावाचा एक विनोदी चित्रपट आला होता. नवविवाहित जोडपे भलामोठा ट्रेलर घेऊन निघते, आणि बायको मुक्कामोमुक्कामी आठवण म्हणून दगड गोळा करून आत ठेवत जाते. पुढे घाटात काय होते ते सांगत नाही. सगळे प्रेक्षागृह हसते, पण मला वाटते त्यात बँकेच्या प्रशिक्षणवर्गात दाखवावे असे बरेच आहे.

मी हे इतके जीव तोडून का सांगतो आहे, तेही सांगायला हवे.

१९८९ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. पंचविशीतला एक होतकरू मुलगा टेम्पोसाठी कर्ज मागायला आला. भाजी भरून कुंभार्ली घाटातून चिपळूणला न्यायची. कागद चोख, जामीनदार चांगले. मी उत्पन्नाचा तक्ता मांडला. परवान्याप्रमाणे टेम्पोत जेवढा माल भरता येत होता, तेवढ्यावर हप्ता निघत नव्हता. मी खेपा वाढवून पाहिल्या, तरी निघेना. मग मी मालाचा आकडा थोडा वाढवला. सगळेच वाढवत होते. 'चालवून घेतील' हे आपल्या देशातले सर्वात मोठे गृहीतक आहे. कर्ज मंजूर झाले, पेढे आले.

दुसऱ्या पावसाळ्यात घाट उतरताना टेम्पोचे ब्रेक तापून निकामी झाले. त्याने शहाणपणाने गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून जीव वाचले. बरोबर धाकटा भाऊ होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, या महिन्याचा हप्ता थोडा उशिरा आला तर चालेल ना?"

त्याने मला कधी दोष दिला नाही. पण जो जास्तीचा माल त्या टेम्पोत होता, तो माझ्या हस्ताक्षरात आधीच कागदावर भरलेला होता. इंजिनाने तो ओढला होता, नव्हे, वर्षभर बिनतक्रार ओढला होता. ओढणे सोपे असते. चढावर अंगात ताकद नसेल तर गाडी फक्त हळू चालते, फार तर लाज वाटते. परीक्षा उतारावर होते. तिथे थांबवायचे असते, पेलायचे असते.

मुलगा जिथे राहतो तिथला महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. उंची अकरा हजार फुटांच्या वर. पलीकडच्या उतारावर ब्रेक गेलेल्या मालट्रकांसाठी बाजूला खडीचे चढते रस्ते करून ठेवले आहेत. मागे मी तिथून गेलो होतो तेव्हा ते पाहून मला चिपळूणचा रस्ता आठवला होता.

यावर मुलाचा युक्तिवाद तयार होता. "बाबा, इथे हजारो लोक असेच जातात. काही होत नाही." खरे आहे. थकलेल्या कर्जांपैकी प्रत्येक कर्ज थकेपर्यंत उत्तमच असते. दुसरा युक्तिवाद, वजन वाटून देणारी जोडणी मिळते. ती जरूर घ्यावी; तिने थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकतो, गाडी सरळ चालते. पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. तिसरा युक्तिवाद मात्र मला पटला. एक टनी ट्रक घ्यावा तर वर्षातले वीस दिवस ट्रेलर आणि उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस तो अवजड, कडक ट्रक घेऊन मुलांना शाळेत सोडायचे आणि दूध आणायचे. शिवाय ट्रेलरचे कर्ज पंधरा-वीस वर्षांचे. घराच्या कर्जात घराची किंमत चढते, इथे उतरते.

म्हणून माझा सल्ला प्रश्नांचा क्रम उलटा करण्याचा आहे. आधी ट्रक नको. आधी माणसे मोजा, मग सामान, मग कुठल्या रस्त्याने जायचे ते ठरवा. त्यावरून ट्रेलर ठरवा, आणि तो भरलेला धरा, कोरडा नव्हे. शेवटी ट्रक, आणि त्यात थोडी जागा शिल्लक ठेवा. खरेदीआधी तसाच ट्रेलर दोन दिवस भाड्याने घ्या, सगळे कुटुंब बसवा, आणि मालट्रक जिथे थांबतात तिथल्या काट्यावर चढवून पावती घ्या. बेरीज मोठी आली तर निःसंकोच मोठा ट्रक घ्या, किंवा ट्रेलर लहान करा. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. चूक एकच, मधला रस्ता. मोठा ट्रेलर, लहान ट्रक आणि 'चालवून घेऊ'.

हे सगळे फोनवर सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "पण बाबा, लहान घेतला तर तुमची खोली जाते."

त्याच्या आईने माझ्या हातातून फोन घेतला. "आम्हाला त्या खोलीत धरू नकोस," ती म्हणाली. "तुम्ही पुढे जा. आम्ही मागाहून येऊ, जवळच्या गावात साध्या हॉटेलात उतरू. सकाळी चहाला तुमच्याकडे."

मुलांचे प्रेम मोठे असते, आणि ते नेहमी पुस्तिकेतल्या मोठ्या आकड्याकडे पाहते. आई-बापांनी अशा वेळी आपले १३८ किलो स्वतःहून कमी करावे, हेही मला एक प्रकारचे मार्जिनच वाटते.

चिरंजीवांनी अजून ट्रक घेतलेला नाही. परवाच्या शनिवारी त्यांनी कळवले, की सगळ्यांना बॅगांसकट न्हाणीघरातल्या काट्यावर उभे करून वजने लिहून काढली आहेत. मी म्हटले, उत्तम. कागद पाठव. प्रस्ताव विचाराधीन आहे.