मधला मुक्काम

पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांना रविवारी नव्हे, गुरुवारी सुट्टी असते, हे मुंबईच्या पाहुण्यांना आजही समजावून सांगावे लागते. विजेचा भार सगळ्यांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. या आडवाराचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. बुधवारची पहिली पाळी सुटली की ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव-म्हसळा मागे टाकून रात्रीच्या जेवणाला दिवेआगर गाठायचे. शनिवार-रविवारी जिथे गाड्यांची रांग लागते, त्या गावात गुरुवारी सकाळी कुत्रेही सावकाश चालते.

खरे तर दिवेआगर हा पुष्कळांचा मधला मुक्काम. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून तरीत गाडी चढवली की पलीकडे वेसवी आणि दापोलीचा रस्ता. पण तिथे एक रात्र राहिलेला माणूस दुसऱ्या रात्रीचे निमित्त शोधू लागतो. मीही शोधतो. चारेक किलोमीटरचा किनारा सुंदर आहेच. तरी माझ्या मते विश्रांती मिळते ती समुद्रावर नव्हे, वाडीत. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्यामधली अरुंद वाट, डोक्यावर नारळ-पोफळी आणि पाटातून झाडांच्या बुंध्याशी जाणारे पाणी. भर दुपारी पडवीत आडवे झालो की समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दिवसभर प्रेस शॉपचे दणके ऐकणाऱ्या कानांना याहून वेगळे औषध नको. जेवण वाढणाऱ्या वहिनी ‘आणखी एक मोदक?’ एवढेच विचारतात, आणि त्याचे उत्तर अवघड नसते.

ही सावली 3 जून 2020 रोजी काही तासांत आडवी झाली. निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव ज्या मुलखाने मिळवले, तिथे पिढ्यांनी राखलेल्या वाड्यांतून आभाळ दिसू लागले.

इथे माझ्यातला जुना बँक अधिकारी जागा होतो. पोफळ लावली तर फळ धरायला पाच ते सात वर्षे, भर उत्पन्नाला आणखी काही. उंच जातीच्या माडाचेही तसेच. उलट वाडीच्या मोकळ्या जागेत चार खोल्या बांधल्या, तर पहिल्या दिवाळीपासून पैसा हातात. कर्जाचे दोन अर्ज टेबलावर आले तर कुठलाही शाखाधिकारी खोल्यांचाच आधी मंजूर करील, आणि कागदावर त्याचे काही चुकणार नाही. वाडीवाल्यालाही मी दोष देत नाही. मुलांच्या फिया पोफळीच्या वाढीसाठी थांबत नाहीत.

पण हिशेबात एक खोट राहते. पाहुणा खोलीसाठी येत नाही. खोली त्याच्या चिंचवडच्या घरात असतेच, आणि बहुधा अधिक चांगली. तो येतो सावलीसाठी. सावली हे मुद्दल, खोल्या हे व्याज. मुद्दलाच्या जागेवर व्याज बांधत गेलो, तर दहा वर्षांनी दिवेआगरला मोशीसारखा तापलेला सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या शेवटी समुद्र, एवढेच उरेल. म्हणून माझे म्हणणे आहे की, वाडी पुन्हा लावणाऱ्याला खोल्यांसाठी कर्ज देताना झाडांचे कर्ज त्याच फायलीत जोडावे, आणि झाडांचा हप्ता पहिले फळ हाती आल्यावर सुरू करावा. बँकांना हे नवे नाही. कारखान्याचे उत्पादन सुरू होईपर्यंत मुद्दलाचा हप्ता न मागता थांबण्याची सवय त्यांना आहेच. चाकणच्या यंत्रासाठी थांबता येते, मग पोफळीसाठी का नाही?

आपणा पाहुण्यांकडूनही थोडी अपेक्षा आहे. वाळूत गाडी घालून ती रुतल्यावर गावकऱ्यांना हाका मारणे बंद व्हावे. आणि वाडीतल्या खोलीचे भाडे घासाघीस करून उतरवू नये. त्यात पाटाच्या पाण्याचे आणि शिंपणाऱ्याच्या मजुरीचे पैसे असतात.

सुपारीच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. म्हणून त्याच्या शेजारी आधी केळ लावतात. या मोसमात कोणत्या वाडीत उतरायचे हे ठरवताना मी तिथे केळी किती आहेत, ते पाहतो.